दुधाचे दोन ऋतु

जी वस्तु रोज पहांटे न चुकतां दाराशीं येते, तिच्याविषयीं विचार करण्याचा प्रसंग माणसावर क्वचितच येतो. दूध ही अशीच वस्तु आहे. पिशवी दाराला अडकविलेली असते, तिच्यावर किंमत छापलेली असते, आणि ती किंमत पौषांत व ज्येष्ठांत बहुधा सारखीच असते. त्यामुळें शहरांतल्या गृहिणीस असें वाटणें स्वाभाविक आहे कीं, नळाच्या पाण्याप्रमाणें दूधहि बारा महिने एकाच मापानें कोठून तरी वाहत येत असावें. वस्तुस्थिति तशी नाहीं. आंबा किंवा ज्वारी जितकी ऋतूवर अवलंबून, तितकेंच दूधहि ऋतूवर अवलंबून आहे. त्यालाहि सुगी आहे आणि त्यालाहि टंचाई आहे. दुग्धव्यवसायांतले लोक या दोन काळांस ‘पुष्टकाळ’ आणि ‘कृशकाळ’ अशीं नांवें देतात. हे दोन काळ कशामुळें येतात, त्यांचा भार कोणावर पडतो, आणि तो हलका करणें शक्य आहे काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय मोठा आहे. म्हणून दृष्टीसमोर एक गांव ठेवूं. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीजवळ, चकलांबा म्हणून एक गांव आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवाहि तालुक्यांतून पुढें जातो. तथापि हा सारा मुलूख पर्जन्यछायेंतला. जेथें पाणी पोहोचतें तेथें ऊस, आणि जेथें पोहोचत नाहीं तेथें कापूस, बाजरी, तूर व रब्बीची ज्वारी, असा पिकांचा क्रम आहे. अशा मुलुखांत दावणीला बांधलेली एखादी म्हैस किंवा दोन गायी यांना केवळ जोडधंदा म्हणणें बरोबर होणार नाहीं. कापसाचा पैसा वर्षांतून एकदां येतो. डेअरीला घातलेल्या दुधाचा पैसा बहुधा दर दहा दिवसांनीं हातीं पडतो. किराणा, मुलांच्या वह्यापुस्तकें, औषधपाणी हें सारें त्या दहा दिवसांच्या हिशेबावर चालतें. म्हणून दुधाच्या भावांतला दोन रुपयांचा फरक शहरांत चहाच्या पेल्यांत विरून जातो, पण चकलांब्यासारख्या गांवांत तो दुकानदाराच्या वहींत उधारी म्हणून उमटतो.

आतां प्रथम जनावराचें पंचांग पाहूं. म्हैस ही ऋतु पाळणारी आहे. दिवस लहान होऊं लागले आणि हवा थंडावली म्हणजे ती माजावर येते. उन्हाळ्यांत तिचा माज मंदावतो, किंवा आला तरी लक्षांत येत नाहीं. गोठ्यांत ज्याला ‘मुका माज’ म्हणतात तो हाच. म्हशीचा गर्भकाल सुमारें ३१० दिवसांचा असतो. म्हणजे आश्विनापासून माघापर्यंत ज्या म्हशी गाभण राहतात, त्या पुढच्या वर्षीं श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत वितात. व्यायल्यानंतर दीड-दोन महिन्यांनीं दूध शिगेस पोहोचतें आणि मग हळूहळू उतरत जातें. अर्थात् बहुसंख्य म्हशींचें भरपूर दूध कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत मिळतें. चैत्र-वैशाखांत त्या आटूं लागतात, आणि ज्येष्ठ-आषाढांत पुष्कळ म्हशी भाकड उभ्या असतात.

गायीचें पंचांग इतकें कडक नाहीं. तिचा गर्भकाल सुमारें २८० दिवसांचा, आणि वर्षाच्या कोणत्याहि महिन्यांत ती गाभण राहूं शकते. देवणी आणि लालकंधारी या मराठवाड्याच्या आपल्या जाती ऊन चांगलें सोसतात, पण त्यांचें दूध बेताचें. गेल्या कांहीं दशकांत होल्स्टीन आणि जर्सी यांच्या संकरानें निपजलेल्या गायी गांवोगांव आल्या, आणि राज्यांतल्या डेअऱ्यांवर जमणाऱ्या दुधांत त्यांच्या दुधाचा वांटा फार मोठा झाला. या गायींच्या अंगांत थंड देशांतलें रक्त आहे. बीडकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हां त्यांचें खाणें कमी होतें, त्या धापा टाकूं लागतात, दूध उतरतें आणि गाभण राहण्याचें प्रमाणहि घटतें. म्हणजे म्हैस दिवसाच्या लांबीमुळें आटते, आणि संकरित गाय उष्म्यामुळें.

याला जोडून वैरणीचेंहि एक पंचांग आहे. भाद्रपद-आश्विनांत बांधावर हिरवें गवत असतें, पुढें उसाचे वाढे मिळतात, आणि रब्बीची ज्वारी निघाली म्हणजे कडब्याची गंज रचली जाते. ही गंज पुढच्या पावसापर्यंत पुरवावयाची असते. पाऊस चुकला तर ती वैशाखांतच संपते, आणि कडब्याची पेंढी सोन्याच्या मोलानें विकत घ्यावी लागते. बीड जिल्ह्यानें २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत चारा छावण्या पाहिल्या आहेत. घरचें जनावर छावणींत नेऊन बांधणें आणि त्याच्याबरोबर घरांतल्या एकानें तेथेंच मुक्काम करणें याचा अनुभव तेथील पुष्कळ कुटुंबांस आहे. जनावराचा माज, हवेची उष्णता आणि वैरणीचा सांठा या तिन्ही गोष्टी एकाच दिशेनें ओढतात. म्हणूनच थंडींतलें दूध आणि उन्हाळ्यांतलें दूध यांच्या प्रमाणांत एवढा फरक पडतो.

दुसऱ्या बाजूस आपल्या घरांचें पंचांग आहे. चहाला लागणारें दूध बारा महिने सारखें. परंतु त्याच्या वरची मागणी सणांवर आणि उन्हावर चालते. श्रावण लागला कीं उपवास आणि प्रसाद, भाद्रपदांत गणपतीचे पेढे व खव्याचे मोदक, दसऱ्याला श्रीखंड, कोजागरीला आटीव दूध, दिवाळींत मिठाई, अशी एक चढती पायरी आहे. ईद चांद्रमासाप्रमाणें ऋतूंतून फिरत असते. ज्या वर्षीं ती उन्हाळ्यांत येते, त्या वर्षीं शीरखुर्म्याचें दूध नेमक्या टंचाईंत लागतें. दिवाळी ओसरली म्हणजे मागणी खालीं बसते. थंडींत दहीं-ताकाकडे फारसें कोणी वळत नाहीं. पुढें फाल्गुनापासून पुन्हा दहीं, ताक, लस्सी आणि आइस्क्रीम सुरू होतें, गुढीपाडव्याचें श्रीखंड येतें, मागून लग्नसराई येते. गाय-म्हैस जेव्हां हात आंखडते तेव्हां आपण हात पसरतों, आणि ती जेव्हां भरभरून देते तेव्हां आपलें पोट भरलेलें असतें. दुधाच्या बाजाराची अडचण ती हीच.

धान्याच्या बाबतींत असा प्रसंग आला तर मनुष्य कोठार बांधतो. दूध कोठारांत राहत नाहीं. धार काढल्यापासून थोड्याच तासांत तें थंड केलें नाहीं तर तें नासूं लागतें. चार अंशांपर्यंत थंड केलें तरी त्याचें आयुष्य दिवसांनींच मोजावयाचें. तेव्हां एका ऋतूंतलें दूध दुसऱ्या ऋतूंत न्यावयाचें असेल, तर त्याचें दूधपण मोडावें लागतें. म्हणजे त्यांतील साय वेगळी काढावी लागते आणि पाणी वेगळें करावें लागतें.

येथें सायीचा विचार आला. आणि दुधाच्या व्यापाराची किल्ली बऱ्याच अंशीं सायींतच आहे. संकलन केंद्रावर ज्याला ‘फॅट’ म्हणतात तो हा स्निग्धांश. महाराष्ट्रांत गायीच्या दुधाचा भाव ३.५ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ या मानावर बांधला जातो. म्हशीच्या दुधासाठीं हें मान ६ आणि ९ टक्क्यांचें आहे. प्रमाण त्याहून खालीं गेलें कीं भावांत कपात होते. पूर्वीं दूध ठेवून देऊन वर आलेली साय हातानें काढीत. १८७८ च्या सुमारास गुस्ताफ द लावाल या स्वीडनच्या इंजिनियरानें दूध वेगानें फिरवून साय अखंड वेगळी काढणारें यंत्र प्रचारांत आणलें, आणि तेव्हांपासून साय ही स्वतंत्र व्यापाराची वस्तु झाली. सायीचें लोणी होतें, लोण्याचें तूप होतें. उरलेलें निसाईचें दूध आटवून व उष्ण हवेंत फवारून त्याची भुकटी करतां येते. १०० किलो गायीच्या दुधापासून ढोबळ मानानें चार किलोंवर लोणी आणि साडेआठ किलोंच्या आसपास भुकटी निघते. हें लोणी शीतगृहांत आणि ही भुकटी गोदामांत महिनोन् महिने राहूं शकते. उन्हाळ्यांत दूध कमी पडलें म्हणजे भुकटी पाण्यांत कालवून, तींत स्निग्धांश मिसळून, ताज्या दुधाची तूट भरून काढतां येते. आपल्या पिशवींतलें दूध बारा महिने सारखें दिसतें, याचें एक मोठें कारण हें आहे.

ही युक्ति आपल्याकडे कशी रूढ झाली, तो इतिहास मुंबईशीं जोडलेला आहे. गुजराथच्या खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालीं १९४६ सालीं आणंद येथें आपला सहकारी दूध संघ स्थापिला, आणि १९४८ पासून त्यांचें दूध मुंबईच्या सरकारी दूध योजनेकडे जाऊं लागलें. लौकरच त्यांना असें आढळून आलें कीं, हिंवाळ्यांत म्हशी उन्हाळ्याच्या सुमारें अडीच पट दूध देतात, परंतु मुंबईची मागणी कांहीं अडीच पट होत नाहीं. वाढलेलें दूध मुंबई घेईना, आणि शेतकऱ्यास तर तें घरीं परत नेणें परवडेना. वर्गीज कुरियन आणि त्यांचे सहकारी एच्. एम्. दलाया यांनीं यावर उपाय शोधला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊं शकत नाहीं, असें तोंवर परदेशांतील तज्ज्ञांचें मत होतें; दलायांनीं ती करून दाखविली. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या मदतीनें उभारलेल्या लोणी व भुकटीच्या कारखान्याचें उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. अमूल या नांवाचा आज केवढाहि बोलबाला असला, तरी त्या कारखान्याचा जन्म हिंवाळ्यांतल्या नकोशा दुधापोटीं झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९७० मध्यें दूध महापूर योजना निघाली आणि हीच पद्धति देशभर पसरली. महाराष्ट्रांत १९६७ सालीं राज्य सहकारी दूध महासंघ स्थापन झाला, आणि गांवची संस्था, तालुक्याचा संघ, शहरांतली डेअरी अशी सांखळी बनली. नंतरच्या काळांत खाजगी डेअऱ्या वाढल्या, आणि आज राज्यांतल्या दुधाचा बराच मोठा भाग त्यांच्याकडे जातो.

मग एवढी सोय झाल्यावर दुःख कोठें राहिलें, असा प्रश्न कोणी विचारील. दुःख असें कीं, भुकटी झाली म्हणजे दूध गांवाच्या बाजारांतून निघून जगाच्या बाजारांत जाऊन बसतें. न्यूझीलंड, युरोप आणि अमेरिका यांच्या भुकटीचे ढीग मोठे झाले कीं आपल्या भुकटीस परदेशीं गिऱ्हाईक राहत नाहीं. गोदामें भरतात, डेअऱ्यांचा पैसा अडकतो, आणि पुष्टकाळांत येणारें नवें दूध त्या कमी भावाच्याच हिशेबानें घेतलें जातें. चकलांब्याच्या शेतकऱ्यानें न्यूझीलंड नकाशावर पाहिलेंहि नसेल, पण तेथल्या कुरणांवर पडलेला पाऊस त्याच्या दहा दिवसांच्या हिशेबांत उतरतो.

गेल्या कांहीं वर्षांची हकीकत पाहिली म्हणजे हें स्पष्ट होईल. २०१८ मध्यें भुकटी पडून राहिली आणि भाव कोसळले. जुलैंत महाराष्ट्रांत दूध आंदोलन झालें, आणि शेतकऱ्यास लिटरमागें किमान २५ रुपये मिळावेत म्हणून सरकारनें ५ रुपयांचें अनुदान दिलें. २०२० मध्यें टाळेबंदीनें हॉटेलें आणि मिठाईचीं दुकानें बंद पडलीं; गायीच्या दुधाचा भाव विसाच्या घरांत आला. शेतकऱ्यांनीं खाद्य तोडलें, कालवडी विकल्या. २०२२ मध्यें लंपी रोगाची सांथ आली. त्या साऱ्याचा परिणाम २०२३ च्या आरंभीं दिसला: दूध कमी, मागणी जास्त, आणि भाव पस्तिशीच्या वर. त्या जुलैंत सरकारनें किमान भाव ३४ रुपये ठरविला. पण दिवाळीनंतर पुष्टकाळ आला आणि तोच भाव पुष्कळ ठिकाणीं २७ रुपयांच्या आसपास घसरला. २०२४ च्या जानेवारीपासून पुन्हा ५ रुपयांचें, आणि ऑक्टोबरपासून ७ रुपयांचें अनुदान द्यावें लागलें.

या आंकड्यांत दोन चक्रें एकमेकांत गुंतलेलीं दिसतील. एक बारा महिन्यांचें, तें निसर्गाचें; दुसरें तीन-चार वर्षांचें, तें माणसाचें. कालवड जन्मल्यापासून दुधावर येण्यास अडीच-तीन वर्षें लागतात. पारडीस चारहि लागतात. आज भाव पडला म्हणून जी कालवड विकली जाते, तिचें दूध तीन वर्षांनंतरच्या उन्हाळ्यांत कमी पडतें. आणि आज भाव चढला म्हणून जी नवी गाय कर्ज काढून दावणीला येते, तिचें दूध भाव उतरल्यावरहि चालूच राहतें. एका हिंवाळ्यांतल्या स्वस्ताईची किंमत अशा रीतीनें पुढच्या एखाद्या वर्षाला द्यावी लागते, आणि तेव्हां ती शहरालाहि द्यावी लागते.

हा फरक एका घरास किती लागतो, याचा साधा हिशेब करूं. समजा, एक गाय रोज १० लिटर दूध देते. भाव ३४ वरून २७ वर आला, तर रोजचे ७० आणि महिन्याचे २,१०० रुपये गेले. सरकी पेंड, भरडा आणि कांडी यांचे भाव मात्र दुधाबरोबर उतरत नाहींत, आणि गाय अर्ध्या खाण्यावर ठेवली तर पुढचें वेतहि बिघडतें. जे २,१०० रुपये गेले ते उत्पन्नांतून गेले असें वाटतें. खरें पाहतां ते शिलकेंतून गेले, कारण वैरण-खाद्याचा खर्च भागल्यावर एका गायीमागें हातांत राहणारी रक्कम बहुधा याच्याहून फार मोठी नसते.

बीड जिल्ह्यांत या अडचणींत आणखी एक भर पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, आणि जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. तीं परततात ती फाल्गुन-चैत्रांत. म्हणजे दुधाचा पुष्टकाळ आणि माणसांचें स्थलांतर नेमके एकाच वेळीं येतात. घरीं राहिलेल्या म्हाताऱ्यांवर आणि मुलांवर धारा, वैरण, पाणी यांचा भार पडतो; ज्या घरांत तेंहि शक्य नसतें, तेथें दुभतें जनावर ठेवण्याचा विचारच सुटतो. आणि कोयता खालीं ठेवून माणसें परत येतात, तेव्हां दूध आटलेलें आणि वैरण संपत आलेली असते. दुधाला दिवाळीनंतर बरा भाव मिळता, तर कांहीं घरांना तरी हा प्रवास टाळतां आला असता काय, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकांतला नाहीं. तो त्या घरांतल्या मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे.

शहरांतला श्रोता येथें विचारील, शेतकऱ्याचा भाव सात रुपयांनीं उतरला, तर आमच्या पिशवीची किंमत तितकी कां उतरली नाहीं? प्रश्न रास्त आहे. त्याचें एक उत्तर असें कीं, पुष्टकाळांत घेतलेलें सारें दूध पिशवींत जात नाहीं. उरलेलें भुकटी होऊन तोट्यांत पडतें, आणि तो तोटा डेअरी एकीकडे शेतकऱ्याच्या भावांतून व दुसरीकडे पिशवीच्या किंमतींतून भरून काढते. दुसरें उत्तर तितकें सोयीचें नाहीं. शहरांतल्या विक्रींत जी स्पर्धा चालते, ती गिऱ्हाइकास स्वस्त देण्यापेक्षां विक्रेत्यास अधिक कमिशन देण्याची असते. त्यामुळें मधल्या अंतरांत बराच पैसा राहतो. भाव चढतांना त्याचा चढ पिशवीवर लवकर उमटतो, आणि उतरतांना त्याचा उतार गोठ्यापाशींच थांबतो.

टंचाईच्या दिवसांचा आणखी एक परिणाम आपल्या घरापर्यंत येतो, तो म्हणजे भेसळ. सणासुदीस खव्याची मागणी एकदम वाढते, तेव्हां गाय-म्हैस एकदम जास्त दूध देऊं शकत नाहीं. मग जें दूध गोठ्यांत निघालें नाहीं, तें कोठें तरी तयार होतें. गणपति-दिवाळीच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात, याचें कारण पुरवठा आणि मागणी यांतल्या या दरींत आहे. दुधाच्या खऱ्या किंमतीहून स्वस्त खवा मिळूं लागला, तर गिऱ्हाइकानें साधा हिशेब करावा: म्हशीच्या सुमारें पांच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. त्या पांच लिटरांच्या किंमतीहूनहि खवा स्वस्त असेल, तर त्यांत दुधावांचून दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे.

पूर्वींच्या काळीं खेड्यांत हा ऋतूंचा मेळ घरींच घातला जाई. रेल्वेपासून दूर असलेल्या गांवांतून दूध विकायला जात नसे. सकाळीं विरजण घुसळावें, लोणी कढवून तूप करावें, ताक शेजारींपाजारीं फुकट द्यावें, आणि तुपाचा बुधला आठवड्याच्या बाजाराला न्यावा, अशी रीत होती. थंडींतलें दूध तुपाच्या रूपानें उन्हाळ्यापर्यंत टिके. बीड आणि धाराशिव यांच्या सीमेवर, बालाघाटाच्या डोंगराळ भागांत, हेंच काम खव्याच्या भट्ट्यांनीं केलें. रस्ते कठीण, दूध नासणारें. म्हणून दूध गांवांतच आटवून खवा बाहेर पाठवावयाचा. भूम तालुक्यांतल्या कुंथलगिरीचा खवा व पेढा याच रीतीनें नांवारूपास आला, आणि त्या खव्यास आतां भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. ज्या गांवास दुधाचें दुसरें रूप करतां येतें, त्याला टँकर येईल त्या भावानें दूध ओतावें लागत नाहीं, हा त्या भट्ट्यांचा धडा आहे.

परदेशांतहि या प्रश्नास निरनिराळीं उत्तरें मिळालीं. न्यूझीलंडनें ऋतूशीं झगडा केला नाहीं: तेथें बहुतेक सर्व गायी वसंताच्या तोंडावर वितात, गवत भरपूर असतांना दूध काढलें जातें, आणि हिंवाळ्यांत गोठे व कारखाने दोन्ही विसावा घेतात, त्यांचें बहुतेक दूध भुकटी आणि लोणी होऊन परदेशीं जात असल्यामुळें हें चालतें. ब्रिटनला रोज ताजें दूध हवें होतें. तेथें १९३३ सालीं दूध विपणन मंडळ स्थापन झालें. तें १९९४ पर्यंत चाललें. टंचाईच्या हिंवाळ्यांत अधिक भाव आणि सुकाळाच्या वसंतांत कमी भाव, असें मासवार दरपत्रक शेतकऱ्यास आगाऊ माहीत असे. त्यामुळें हिंवाळ्यांत दूध काढण्याचा जास्त खर्च सोसण्यास तो तयार होई. आपली गरज न्यूझीलंडसारखी नसून ब्रिटनसारखी आहे. मग भावाची पद्धतिहि तशीच कां नसावी?

मला तीन उपाय महत्त्वाचे वाटतात. पहिला वैरणीचा. मका कणसांत चीक भरलेला असतांना कापून, बारीक कुट्टी करून, हवा न राहील अशा रीतीनें खड्ड्यांत किंवा पिशवींत दाबून ठेवला, तर सुमारें दीड महिन्यांत मुरघास तयार होतो आणि तो वर्षभर टिकतो. पावसाळ्यांतली हिरवळ वैशाखांत नेण्याचा याहून सोपा मार्ग नाहीं. दुसरा उपाय गाभण ठेवण्याच्या वेळेचा. फाल्गुनांत, ऊन तापण्यापूर्वीं, गाय भरवली तर ती मार्गशीर्ष-पौषांत विते, आणि चैत्र-वैशाखांत तिचें दूध चांगलें चालू असतें. म्हशीचें पंचांग बदलणें कठीण आहे. तथापि सावली, अंगावर पाण्याचा फवारा, डुंबायला जागा आणि रात्रीची वैरण एवढें मिळालें, तर तिचा उन्हाळाहि सुसह्य होतो. तिसरा उपाय भावाचा आहे, आणि पहिले दोन त्याच्यावर अवलंबून आहेत. कृशकाळांत लिटरमागें किती अधिक मिळेल आणि पुष्टकाळांत भाव कितीच्या खालीं जाणार नाहीं, हें वर्षाच्या आरंभींच जाहीर झालें पाहिजे. भाव कोसळल्यावर दिलेलें अनुदान जखमेवरच्या पट्टीसारखें आहे. त्याच्या भरंवशावर कोणी मुरघासाचा खड्डा खणीत नाहीं. सरकारनें आणि डेअऱ्यांनीं भुकटीचा सांठा सुकाळांत उचलून टंचाईंत बाहेर काढण्याची जबाबदारी घेतली, तर हा आगाऊ भाव देणें अशक्य नाहीं.

शहरांतल्या घरांकडेहि थोडेंसें काम येतें. पौष-माघांत लोणी-तुपाची वर्षाची बेगमी केली, तर नेमक्या त्या दिवसांत मागणी वाढते जेव्हां दूध नकोसें झालेलें असतें. आपल्या आज्या पापड-लोणच्यांप्रमाणें तुपाचीहि बेगमी ऋतु पाहून करीत. तो शहाणपणा विसरण्याचें कांहीं कारण नाहीं. आणि वैशाखांत पिशवीची किंमत दोन रुपयांनीं वाढली, तर कुरकुर करण्यापूर्वीं आपण एक प्रश्न जरूर विचारावा: त्या दोन रुपयांतला किती भाग चकलांब्यापर्यंत पोहोचला? हा प्रश्न पुष्कळ गिऱ्हाइकांनीं पुष्कळदां विचारला, तर त्याचें उत्तर देणें कोणास तरी भाग पडेल.